चायना मशीनचा मिस्तरी

गिरधर हा चोपडा तालुक्यातला, आयटीआय झालेला फिटर. जळगावच्या एमआयडीसीत एका प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात कामाला होता. २०१९ च्या दिवाळीनंतर मालक रुपचंदशेठनी चीनहून चटया विणायच्या चार मशिनी आणल्या. त्या बसवायला चेन नावाचा कारागीर आला आणि पाच आठवडे राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, गिरधरला चिनी. दोघं पुठ्ठ्यावर चित्रं काढून बोलायचे. चेन परत गेला, तेव्हा त्या मशिनी आख्ख्या कारखान्यात एकट्या गिरधरला कळत होत्या. लोक त्याला ‘चायना इंजिनिअर’ म्हणायला लागले. त्याला ते आवडायचं. कोणी शिकायला जवळ आलं, की तो मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून काम करायचा.

पुढच्या जूनमध्ये चीनच्या सीमेवर जवान मारले गेले. शेठनी गेटवर चिनी मालावर बहिष्काराचा फलक लावला. आत चारही मशिनी चालूच होत्या. चेनशी बोलायचं ॲप सरकारनं बंद केलं, चिनी कारागिरांचे व्हिसा थांबले. नेमकं तेव्हाच तीन नंबरच्या मशीनचं सेन्सर गेलं. पुढची जाळी उघडली की मशीन थांबवायची, हे त्या सेन्सरचं काम. ते बिघडल्यावर मशीन सुरूच होईना. नवं मागवलं, ते बंदरावर तपासणीत अडकलं.

“थेट वायर जोडून टाक,” शेठ म्हणाले.

“शेठ, मग आत हात गेला तरी मशीन थांबणार नाही.”

“हात घालायचा कशाला?”

गिरधरनं वायर जोडली. दीड वर्षात चारपैकी तीन मशिनी तशाच चालायला लागल्या.

शेठनी वायर जोडायला सांगितलं तेव्हा जिवली तिथेच झाडत होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, तेवीस वर्षांची बाई. पुढे तिला तीन नंबरवर लावलं. प्लास्टिकची काडी तुटली की जाळी उघडून ती ओढून काढायची.

“भाऊ, जाळी उघडी तरी हाई मशीन आते बंद का व्हत नही?” तिनं एकदा विचारलं.

“तू तुनं काम कर,” गिरधर म्हणाला.

आठवड्याभरात तिचा उजवा हात आत गेला. गिरधरनं धावत येऊन लाल बटण दाबलं, तोवर चार बोटं गेली होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शेठनी कागद पुढे केला. वारंवार बजावूनही जिवलीनं चालू मशीनमध्ये हात घातला, असं त्यात लिहिलेलं. गिरधरनं साक्षीदार म्हणून उभ्या उभ्या सही केली. दुसऱ्या दिवशी त्यानंच मशीन धुतली आणि सुरू केली. वायर तशीच ठेवली.

२०२५ मध्ये व्हिसा पुन्हा मिळायला लागले आणि एक नवा चिनी कारागीर आला. त्यानं वायरी पाहिल्या, फोटो काढले, फोनवर काहीतरी टाईप केलं. फोन हिंदीत बोलला, “यह किसने किया?”

“यानं,” शेठनी गिरधरकडे बोट केलं. “मला न विचारता.”

जेवणाच्या सुट्टीआधीच त्यानं सोबत आणलेली तिन्ही सेन्सर बसली. संध्याकाळी गिरधरच्या हातात पत्र पडलं. मशिनींशी धोकादायक छेडछाड केली म्हणून कामावरून कमी. ही गोष्ट एमआयडीसीभर झाली आणि दुसरा कोणीही त्याला दारात उभं करेना. मग तो कोर्टात जायचं ठरवून जिवलीच्या पाड्यावर गेला. ती झोपडीपुढे डाव्या हातानं ज्वारी पाखडत होती, सूप सारखं कलंडत होतं.

“अक्का, शेठ काय बोलनात ते तू आयकं व्हतं ना?” आजवर त्यानं तिला कधी अक्का म्हटलं नव्हतं.

“आयकं व्हतं.”

“मंग कोर्टमा सांगशी?”

जिवलीनं सूप खाली ठेवलं. “सांगसू. पन बठ्ठं सांगसू. मी तुले इचारं व्हतं, ते बी. तू कागदवर सही करी, ते बी.”

तिनं पाणी विचारलं नाही. गिरधरनं मोटारसायकलला किक मारली. कोर्टात तो गेलाच नाही. त्यामुळे जिवलीलाही कधी कोणी काही विचारलं नाही.