भरलेले यंत्र, पाण्याची पावती

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या कार्यालयात युनिक्स प्रणालीवर चालणारे जे संगणकयंत्र होते, त्यात कोणताही प्रोग्राम शून्यातून सुरू होत नसे. आज्ञा स्वीकारणारा जो मूळ प्रोग्राम, ज्याला आम्ही शेल म्हणत असू, तो आधी स्वतःची हुबेहूब प्रत निर्माण करी. मग ती प्रत आपले सारे अंतरंग टाकून हवा तो प्रोग्राम होऊन जाई, आणि तिचे काम संपेपर्यंत शेल वाट पाहत बसे. औरंगाबादच्या वर्गात हे प्रथम ऐकले, तेव्हा मला त्यात मोठी शिस्त दिसली होती. अशा किती प्रती एका वेळी जगू शकतात याला यंत्रात मर्यादा असते, हेही तिथेच शिकवले होते. ते मी ऐकले आणि विसरून गेलो.

ते वर्ष दुष्काळाचे होते. धारूरच्या डोंगरकडेचा ऊस उभ्या जागी वाळू लागला होता, म्हणून लोक तो मुदतीआधीच तोडून आणत होते. कारखान्याच्या विहिरी आटल्या होत्या. गाडीतळावरची टाकी टँकरने भरली जाई. आसपासच्या वस्त्यांवरचे लोकही हंडे घेऊन तिथे येऊ लागले, तेव्हा संचालक मंडळाने ठराव केला, की काट्यावर वजन झालेल्या गाडीची छापील पावती दाखवल्याशिवाय पाणी द्यायचे नाही, आणि एका पावतीवर एका बैलजोडीपुरतेच द्यायचे. पावती यंत्रातून निघे, आणि यंत्र माझ्याकडे होते.

त्या दिवशी सकाळी काट्यावरच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. तिथल्या कारकुनाने चालू काम बंद पाडून कागद मोकळा केला. पण पावती छापणारा प्रोग्राम सुरू होताना ‘छपाई चालू आहे’ याची खूण म्हणून एक रिकामी फाइल ठेवी, ती मागे राहून गेली. पुढचा प्रत्येक छपाईचा प्रोग्राम ती खूण पाही आणि थांबून राही. पावती येईना म्हणून कारकुनाने तीच आज्ञा पुन्हा दिली, मग पुन्हा. टँकर येण्याआधी बायका घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक हंडा रांगेत मांडून ठेवतात, तसे ते झाले. आधीची आज्ञा पडद्यामागे चालू ठेवून पडदा पुढच्या आज्ञेसाठी मोकळा करण्याचे चिन्ह त्याला मीच कौतुकाने शिकवले होते. दुपारपर्यंत त्या थांबलेल्या प्रतींनी यंत्र भरले. मी काहीही टंकले तरी, नवी प्रक्रिया निर्माण करता येत नाही, एवढ्याच अर्थाची इंग्रजी ओळ उमटे.

खिडकीशी एक ऊसतोडणी करणारी बाई येऊन उभी राहिली.

“सायेब, पावती कावून न्हाई निघत?”

“यंत्र अडकलं आहे, बाई.”

“मंग हातानं लिवा की. शिकलेले हायेत न्हवं तुमी?”

“हातची पावती टाकीवर चालत नाही.”

“आमचा एक बैल बसलाय, सायेब. मालक त्याच्या तोंडावर वलं फडकं धरून हायेत. फडकं बी वाळत आलंय.”

जुवाखाली बसलेला बैल सहसा पुन्हा उठत नाही, हे मला वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

यंत्रात कोणकोणते प्रोग्राम अडून बसले आहेत याची यादी मागितली. यादी दाखवणारा हाही एक प्रोग्रामच, त्यालाही जागा नव्हती. खूण पुसणाराही प्रोग्रामच. वीज तोडली असती तर माहिती साठवणाऱ्या तबकड्यांची तपासणी संध्याकाळपर्यंत चालली असती. उरला होता एकच मार्ग. एक्झेक नावाची आज्ञा दिली, की शेल प्रत न काढता स्वतःच तो प्रोग्राम होऊन जातो. जन्म नाही, म्हणून जागाही लागत नाही. पण काम संपले की परतायला शेल उरत नाही, आणि त्याची मोकळी झालेली जागा काट्यावरची पुढची आज्ञा तत्काळ बळकावणार. म्हणजे मला एकदाच काहीतरी करता येणार होते.

कार्यालयातल्या दुसऱ्या प्रिंटरला ती खूण लागू नव्हती. तिथे या बाईची एकटीची पावती काढता आली असती. नाहीतर खूण पुसून सगळ्यांचीच वाट मोकळी करता आली असती. पण मग तिची पावती तिच्या क्रमाने, सर्वांत शेवटी येणार. मी खूण पुसली. संस्था सर्वांची आहे असा विचार मी केला, की एका बाईला झुकते माप दिले असे कोणी म्हणेल म्हणून भ्यालो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

माझा पडदा कोरा झाला. काट्यावरचा प्रिंटर करकरू लागल्याचे ऐकून मी तिकडे धावलो. पावत्या निघत होत्या, पण एकाच गाडीच्या, पुन्हा पुन्हा. जितक्या वेळा आज्ञा दिली होती तितक्या; पहिली घेऊन तो गाडीवान टाकीकडे गेलाही होता. बाई माझ्यामागे येऊन त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत होती.

“यातली आमची कंची?”

“अजून आली नाही.”

तेव्हा कुठे मला सुचले. एक जादा पावती फाडून मी बाईला घेऊन टाकीकडे गेलो. टाकीवरच्या राखणदाराने आकडा वाचला.

“ही गाडी तर आत्ताच पिऊन गेली, सायेब. तिचे बैल काय उंट हायेत का?”

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग बाईच्या. आणि बादली भरून दिली. म्हणजे मी नुसता येऊन उभा राहिलो असतो तरी भागले असते. पावतीआधीच मी स्वतः इथवर चालत यायला हवे होते. पण पाण्याची वाट यंत्रातूनच जाते असे मी मनोमन धरून बसलो होतो.

बैलाने तोंड लावले नाही. तिच्या नवऱ्याने ओंजळीने पाणी त्याच्या ओठांना लावले, “पी की रं,” म्हणाला, पुन्हा लावले. पाणी ओघळून मातीत गेले. जोडीतल्या दुसऱ्या बैलाने मान लांब करून बादली संपवली. ऊस गाळपाला टाकायच्या गव्हाणीवरून त्यांच्या गाडीचा पुकारा झाला, तेव्हा बसलेला बैल कुशीवर कलंडला होता. नवऱ्याने त्याच्या मानेवरचे जू सोडवले आणि त्या बाजूने स्वतःचा खांदा लावला. बाई मागून चाकाला हात देऊ लागली.

परत येताना त्यांची पावती निघालेली दिसली. वजन बिनचूक होते. मी ती नेऊन तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

“ह्याच्यावर आता एकाच बैलाचं पाणी भेटंल का, सायेब?”

पावती जोडीची होती. मी तिला तसे सांगितले.