मायची कहाणी, माझं शुद्ध मराठी

"मावशी, थांबा. देवीची कहाणी आहे ही. देवीसमोर तरी शुद्ध बोला."

रायपूरच्या समता कॉलनीतलं घर. मार्गशीर्षातला गुरुवार. बोलल्या त्या मोठ्या साहेबांच्या बाई, पुण्याकडच्या. थांबवलं ते माझ्या मायला. मुठीत अक्षता धरून पंधरा-वीस बाया बसलेल्या. दोघीतिघी हसल्या.

मायची कीर्ती ऐकूनच तिला गुढियारीतून, रेल्वेलगतच्या आमच्या वस्तीतून, बोलावलं होतं. बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायांना मार्गशीर्षातली कहाणी मायच सांगायची. वाचता येत नव्हतं, पण तिच्या आईकडून ऐकलेली सगळी तोंडपाठ. थोडी पदरची भर. तिची देवी म्हातारी होऊन मालधक्क्यावरून चालत यायची, पायाले कोळसा. राणी दारातूनच ओरडायची, "काहून आली वं म्हातारे?" देवी म्हणायची, "मले बसू तर दे, बाई." इथं पाऱ्यातल्या बाया डोळे पुसायच्या.

साहेबांच्या बाईंनी पोथी माझ्यापुढे केली. "तू वाच. शिकलेली दिसतेस."

मी नागपूरला मामाकडे राहून नुकतीच बी.ए. झालेली. काय ते माझं ध्यान. भाजीवालीलाही म्हणायची, "कृपया दोन जुड्या द्या." ती बिचारी तोंड पाहत राहायची. अशी सटवी पोथी सोडते काय? घेतली. वाचली. 'ळ' असा घोळवला की बाईंनी मान डोलावली. माझी छाती फुगली.

वाचून झाल्यावर सगळ्यांनी अक्षता वाहिल्या. मायची मूठ उघडलीच नाही. मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

रिक्षात तिनं विचारलं, "मी चुकत होती का वं?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच.

पुढच्या गुरुवारी पाऱ्यातल्या बाया जमल्या तेव्हा माय म्हणाली, "आता पोट्टी वाचते." मरेपर्यंत तिनं कहाणी सांगितली नाही. मीही सांग म्हटलं नाही.

रायपूरच्या मराठी मंडळात चाळीस वर्षं पोथीवाली म्हणून मिरवली. घरात पोरांनी 'मले' म्हटलं की डोळे वटारले. पोरं हुशार, त्यांनी मराठीच सोडली. नात तर हिंदीतच बोलते. एकदा तिला विचारलं, काहून वं? म्हणाली, "आजी, समझती सब हूँ. पर बोलूँगी तो आप टोकोगी."

त्या दिवशी आरशात ती पुण्याची बाई दिसली. साडी तेवढी माझी होती.

गेल्या मार्गशीर्षात मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माइक हातात दिला. म्हणाल्या, "आजींसारखी शुद्ध मराठी आता रायपुरात उरली नाही." टाळ्या. मी पोथी मिटली.

"हे माह्या मायची कहाणी आहे," म्हटलं. "ऐका."

सुरू केली. देवी निघाली. पायाले कोळसा लागला. राणी ओरडली. "मले बसू तर दे, बाई."

पुढे?

पुढे येईना. देवी मग काय बोलायची, राणीची जिरायची कशी, माय ते कोणत्या शब्दांत सांगायची. काही नाही. पोथीतलं पानच्या पान ओठांवर येत होतं, तिचं एक वाक्य येत नव्हतं. नात माझ्याकडं पाहून राहिली. कोणीतरी पोथी उघडून पुढे धरली. "काकू, यातून वाचा नं."

मी हात मागे घेतले.

पाऱ्यात मायच्या वेळची एकही बाई आता नाही. विचारू कोणाला? हे लिहून राहिली तेही अर्ध्याहून जास्त त्या साहेबीणबाईंच्याच भाषेत. त्याचीही लाज आहे.

पण येत्या मार्गशीर्षापासून दर गुरुवारी मी ती अर्धीच कहाणी सांगणार. जिथं आठवत नाही तिथं थांबणार. काहून आठवत नाही, कोणाकोणाच्या हातून हरवली, ते त्याच माइकवर सांगणार. पहिलं नाव माझं. आणि ती रिकामी जागा पोथीनं कोणाले बुजवू देणार नाही.