चोरओटी

आमच्या घरात ‘पाळी’ या शब्दाचे दोन अर्थ होते आणि सकाळच्या घाईत त्यांची गल्लत व्हायची. हे सातपूरच्या एका कारखान्यात होते. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, मग रात्रपाळी. त्यामुळे चहा गाळता गाळता मी म्हणाले, “अहो, पाळी चुकली,” तेव्हा ते दचकून घड्याळाकडे बघत म्हणाले, “चुकेल कशी? आज दुसरी आहे माझी.” मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बशीतला चहा तसाच ठेवून खाली बसले.

नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं आणि आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. “काय, काही विशेष?” हा प्रश्न टाळायला मी हळदीकुंकवाला जाणंच सोडलं होतं. वाण नको नि ती नजरही नको.

दुसऱ्या महिन्यातही पाळी आली नाही. एकदा सासूबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या, तेव्हा माझ्या ब्लाऊजवरचे कडक झालेले पांढुरके डाग त्यांना दिसले. त्या इगतपुरीच्या पलीकडच्या खेड्यातल्या. इतकी वर्षं शहरात काढली, पण आनंद झाला की बोली गावाकडची व्हायची.

“अगं पोरी, दूध उतरलं हाय! आता काय इचारायचं राह्यलं?”

मलाही विचारायचं काही राहिलं नाही. शाळेत त्या धड्याशी आल्यावर बाईंनी “हा घरी वाचा” म्हणून पुढचं पान उलटलं होतं, आणि घरी तो कोण उघडून बसणार? दूध आलं म्हणजे बाळ आलं, एवढंच माझं शास्त्र. मळमळ होत होती, आंबट खावंसं वाटत होतं. दवाखान्याचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या, “तिसरा सरू दे. नजर लागती.”

तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. घरातल्या घरात, शेजारीपाजारी कळू न देता. सासूबाईंनी भरदुपारी दार लावलं, पडदा ओढला, मला पाटावर बसवलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण. त्यांनी ओंजळ माझ्या पदरात रिकामी केली. हे पहिल्या पाळीहून आले ते डब्यात पेढे लपवून. आम्ही तिघं चोरासारखे पेढे खात होतो आणि हसू आवरत नव्हतं. त्या घरात मी त्याहून सुखी कधीच नव्हते. आजही नाही.

मग दवाखाना. डॉक्टरबाई पोटावरून ते यंत्र बराच वेळ फिरवत राहिल्या.

“पिशवी रिकामी आहे,” त्या म्हणाल्या.

“पडलं का?”

“नाही हो. नव्हतंच.”

रक्त तपासल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. बाळंतिणीच्या अंगात ती दुधाचं हार्मोन वाढवते. बाळ अंगावर पीत असतं तेव्हा या हार्मोनमुळे बहुतेकदा स्त्रीबीज पिकत नाही आणि पाळीही येत नाही. माझ्या अंगात ते बाळाशिवायच वाढलं होतं. म्हणजे माझं शरीर एका नसलेल्या बाळाला पाजत होतं आणि त्याच्या पायी खऱ्याला येऊ देत नव्हतं. मला संताप आला, पण तो काढायचा कुणावर?

शेजारणीचं पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा अख्खी गल्ली तिला भेटायला गेली होती. माझं काही गेलंच नव्हतं, त्यामुळे कोणी यायचा प्रश्न नव्हता. ना सुतक, ना विटाळ. आणि ओटी चोरून भरलेली, मग रडणंही चोरूनच. ओटी भरायच्या सतरा रीती आहेत, भरलेली ओटी रिकामी करायची एकही नाही. सासूबाई दोन दिवस त्या तांदळांकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मीच ते धुऊन रोजच्या कुकरला लावले. आम्ही तिघांनी वरणाशी तो भात खाल्ला.

गोळ्या सुरू झाल्या. त्या घेतल्या की चक्कर यायची, भिंत धरून चालायचे. हळूहळू दूध आटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध छान लागू पडलं. मी मोरीत नळ सोडून रडले. नसलेल्या बाळाचं का होईना, ते दूध होतं. मग पाळी आली आणि येतच राहिली, महिन्याच्या महिन्याला, उधारी मागायला आल्यासारखी.

इतर स्पेशालिस्ट झाले, इंजेक्शनं झाली. शतक बदललं. यांचा कारखाना बंद पडला, म्हणजे यांची पाळी संपली. शेवटच्या दवाखान्यात हे आले नाहीत, सासूबाई आल्या. गुडघे धरत दोन जिने चढल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीजं आता जवळजवळ संपली आहेत, यापुढे औषधांचा उपयोग नाही. तरीही उठता उठता त्यांनी विचारलं, “याआधी कधी दिवस राहिले होते?”

या प्रश्नाला मी प्रत्येक दवाखान्यात “नाही” म्हणत आले होते. तेच म्हणायला तोंड उघडलं, तोवर सासूबाई बोलल्या.

“व्हय. एकदा.”

त्यांना सगळं माहीत होतं. वाटाण्याएवढी ग्रंथी, रिकामी पिशवी, सगळं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मांडीवरची पिशवी तेवढी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या.

“मग? काय झालं?” डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मी म्हणाले, “राहिलं नाही.”