वाटाण्याच्या शेताची जाळी

मर्व पिअरीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्या शनिवारी वाटाण्याच्या शेताचं कुंपण पुरं करायला तो तीनलाच उठला आणि तिथेच काम बिघडलं.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या टेकड्यांत वॉलबी, म्हणजे लहान जातीचे कांगारू, अडवणारी कुंपणं घालण्यात त्याचा जन्म गेला होता. वॉलबी सहसा जाळीवरून उडी मारत नाही, खालून नाक घुसवते. म्हणून जाळीचा खालचा हातभर भाग बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवा पसरायचा आणि दगडांनी दाबायचा. दगड हलका पडला की सगळी मेहनत फुकट. शेवटची फट मात्र भर दुपारीच बंद करायची. रात्रभर चरलेल्या वॉलबी उजाडता उजाडता रानातल्या नेच्यांत जाऊन पडतात. दुपारी शेत रिकामं असतं.

मर्वला हे पाठ होतं. पण बायको, थेल्मा, आठवडाभर टोमणे मारत होती. गावभर कुंपणं घातलीस, आणि आपल्या परसातल्या घेवड्याला एक तार नाही. वाटाण्याच्या शेताच्या मजुरीतून परसाला जाळी आणायची ठरली होती, आणि दुकान शनिवारी बाराला बंद होई. म्हणून त्याने अंधारातच टाळ्या वाजवत शेताला फेरी मारली, वॉलबी फटीतून हुसकावल्या आणि जाळी ताणून बांधली.

उजाडलं तेव्हा आत एक दिसली. मादी. कंबरेइतकी उंच, मान तांबूस, तोंड काळं. कुंपणाच्या कडेने धावायची, थांबायची, मागचे पाय जमिनीवर आपटायची, पुन्हा धावायची. जाळीवर आदळून नाक फुटलं होतं. बाहेर नेच्यांत तिचं पिल्लू उभं होतं. पिशवीत मावेना, पण अजून दूध पिणारं.

शेताचा मालक लिंडसे आला, मजुरी हातावर ठेवून म्हणाला, "राहू दे ती. संध्याकाळी बंदूक घेऊन येतो. परवाना आहे."

"आणि पिल्लू?"

"ते जगेल की तुझ्या घेवड्यावर." लिंडसे हसत निघून गेला.

मर्वने हत्यारं गाडीत टाकली. उतरवली. पुन्हा टाकली. गाठी सोडत बसलं असतं तर तोवर तिने मान मोडून घेतली असती. शेवटी पक्कड काढून त्याने दोन खांबांमधली जाळी वरपासून खालपर्यंत कापली आणि लांब जाऊन गवतात पालथा पडला. माणूस दिसला तर ती फटीकडे फिरकली नसती. पाय आपटल्याचा धक्का जमिनीतून छातीला लागत होता. मग धक्के थांबले.

डोकं वर केलं तर नेच्यांची पानं हलत होती.

सांधलेली जाळी ताण धरत नाही. सबंध पट्टा बदलावा लागतो. बाराच्या आत मर्व दुकानात पोचला, नवी जाळी घेतली आणि तसाच शेतावर परतला. या वेळी भर दुपारी बांधली. एकेक दगड पायाने दाबून पाहिला.

संध्याकाळी थेल्माने गाडीत डोकावून पाहिलं. "माझी जाळी?"

त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे आज घेवडा खायला दोघं येणार," ती म्हणाली.

मर्वने बूट काढले. मजुरी लिंडसेच्याच कुंपणाला लागली होती.