दोन बोटं जास्तीचा फिल्टर

लॉकडाऊनच्या हिवाळ्यात मी परदेशात, गुंगालिनला लेकाकडे अडकले होते. घरभर गरम हवा सोडणाऱ्या हीटरचा फिल्टर बदलायचा होता, आणि लेक दिवसभर मीटिंगमध्ये. म्हणाला, "आई, जुन्याच्या कडेवर साइज लिहिलेली असते, तेवढी वाचून सांग."

तेव्हा मी अवघी सदुसष्ट वर्षांची, अक्कल यायची होती. "तीस वर्षं ब्लाउज शिवलेत मी, मला माप शिकवतोस?" टेपने भिंतीतली फिल्टरची चौकट मोजली आणि सवयीने चारी बाजूंना दोन बोटं जास्त धरली. त्याने तीच मापं ऑर्डर केली.

आलेला फिल्टर बसेना. मग बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, कडा दुमडून तो कोंबला आणि वर जाळी लावून टाकली. फटींतून धूळ घरभर फिरू लागली.

आठवड्यात दमा असलेला नातू खोकायला लागला. तेव्हा खोकल्याची एकच भीती होती. टेस्टला त्याच्या नाकात काडी घातली, तर "आजी, स्टॉप देम!" म्हणून किंचाळला. मी त्याचे हात दाबून धरले.

टेस्ट निगेटिव्ह आली, तेव्हा लेकाने जाळी उघडली. "दुकानाने चुकीचा पाठवला की काय गं?"

"हो ना! कसली बेजबाबदार माणसं!"

तो कडक ईमेल लिहायला बसला. मी शेजारी बसून शब्द सुचवले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत ऑर्डरमधली मापं. लेकाने वाचलं, लॅपटॉप मिटला आणि मला चकार शब्द बोलला नाही. बोलला असता, तर निदान भांडले असते.