डी ड्राईव्हमधली मोडी

भोरमध्ये माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स आणि मोडी वाचन. शेवटचं काम हेच खरं माझं. भोर-वेल्ह्याकडची माणसं जुने कागद घेऊन येतात, मी ते मोडीतून देवनागरीत उतरवतो, आणि ते कागद परत घेऊन जातात. माझ्याकडे उरतात ते फक्त स्कॅन आणि माझं लिप्यंतर. पंधरा वर्षांचं हे सगळं काम दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डी ड्राईव्हवर होतं. दुसरी प्रत नव्हती. करू करू म्हणत राहिलो होतो.

माझ्याकडे सात वर्षं एक बाई कामाला होती. आंबवड्याची सून. टायपिंग करायला आली आणि माझ्या शेजारी बसून मोडी शिकली. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला काका म्हणायची. त्या पावसाळ्यात तिनं मला सांगितलं, "काका, वेल्ह्यात गाळा बघितलाय. दिवाळीनंतर स्वतःचं चालू करावं म्हणते."

मी "छान" म्हणालो. पण घरी जाताना डोक्यात एकच होतं. वेल्ह्याकडची निम्मी गिऱ्हाईकं आता हिच्याकडे जाणार. त्यांचे जुने कागद मी वाचलेत आणि ते डीमध्ये पडलेत. ते हिला लागतीलच.

त्यानंतर मी तिच्याकडे बघायला लागलो. म्हणजे आधीही बघत होतो, पण आता लक्ष ठेवायला लागलो. ती कुठलं फोल्डर उघडते, किती वेळ उघडं ठेवते. मी आत आलो की ती पडद्यावरची खिडकी बंद करते, असंही मला वाटायला लागलं. करायची की नाही, देव जाणे.

एका शुक्रवारी भिंतीला ओल आली म्हणून मी कॉम्प्युटरचा डबा टेबलाखालून ओढून दुसऱ्या बाजूला सरकवला. शनिवारी मला विंझरला एका लग्नाला जायचं होतं, दुकान तिनं सांभाळलं. रविवारी दिवसभर लाईट नव्हती. सोमवारी सकाळी मी बटण दाबलं, तर पडदा काळा आणि वर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ: सुरू करायला डिस्क सापडत नाही. बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. ती बाईही आली नव्हती. "बरं नाही, आज येत नाही" एवढाच मेसेज होता.

दुरुस्तीवाल्या भाईंना फोन लावला. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. ते वरव्याला एका कारखान्यात गेले होते.

"मास्तर, मागं काही खोचलेलं आहे का बघा आधी."

"काही नाही हो," मी न बघताच म्हणालो.

"मग चालू करताना एफ बारा दाबा. यादी येईल. त्यातली दुसरी ओळ निवडा. मी दुपारी येतोच."

तसं केलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. घड्याळ भलत्याच वर्षातली तारीख दाखवत होतं. मी आधी मोडीचं फोल्डर उघडायला गेलो. उघडेना. ठिकाणच सापडत नाही म्हणे. मग डी उघडला. आत माझं काहीच नव्हतं. एकच फोल्डर होतं, त्याचं नाव 'वेल्हे'. त्यात अर्जांचे नमुने आणि तिच्या नव्या दुकानाच्या पाटीचं चित्र.

मला वाटलं, हिनं सगळं नेलं, पुसलं, आणि वर आपल्या दुकानाचं फोल्डर ठेवून गेली. शनिवारी मी नाही हे तिला माहीत होतं. आज आलीही नाही. सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळत होतं की मी आणखी काही बघितलंच नाही. तसाच फोन लावला.

"डीमधलं माझं काम कुठंय?"

ती म्हणाली, "ते मला इचारताय व्हय?"

"मग कुणाला विचारू? शनिवारी दुकानात तू होतीस."

"काका, शनवारी म्या मशीन लावलं तवाच डी नव्हता. मी समजले, तुमीच काढून ठिवलाय. मी जाणार म्हनून. सात वर्सं हितं बसले आन् माझ्यापासनं लपवायची पाळी आली तुमच्यावर." आणि तिनं फोन ठेवला.

तेव्हाही माझा विश्वास बसला नाही. किती तयारीचं उत्तर आहे, असंच वाटलं.

दुपारी भाई आले. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "मास्तर, तुमचा डी एवढासा कधीपासून झाला?" डीच्या खाली त्याचं माप लिहिलेलं असतं. माझ्या डिस्कच्या मानानं ते अगदीच किरकोळ होतं. ते वाकले, डब्याच्या मागं हात घातला आणि एक काळा पेनड्राईव्ह उपसून माझ्या हातावर ठेवला. "हा तुमचा डी."

मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं. मशीन सुरू होतं ती छोटी डिस्क वेगळी, आणि माझं काम असलेली मोठी वेगळी. त्या मोठ्या डिस्कला लागणारी एक चपटी वायर अर्धवट निसटली होती. "हा डबा हलवला होता का कुणी?"

"मी," मी म्हणालो. "शुक्रवारी."

त्यांनी वायर बसवली. आतला नाण्याएवढा सेल संपला होता, तोही बदलला. काम करता करता समजावून सांगत होते. सेल संपला, त्यात दिवसभर लाईट नाही, म्हणून मशीन आपली तारीख विसरलं आणि कुठून सुरू व्हायचं तेही विसरलं. आधी पेनड्राईव्हकडे गेलं, तिथं काही मिळालं नाही, म्हणून काळा पडदा. आणि शनिवारी मोठी डिस्क दिसत नसताना तिनं आपला पेनड्राईव्ह लावला, तो तसाच राहिला. डी हे अक्षर मोकळं होतं, ते त्यानं घेतलं.

पुन्हा चालू केलं तेव्हा माझी डिस्क दिसली, पण नाव ई; डी मशीननं अजून पेनड्राईव्हच्या नावावर धरलं होतं. उघडली. सगळं जागच्या जागी होतं. पंधरा वर्षांतलं एक पानही हललं नव्हतं. भाईंनी तिचं अक्षर बदलून पुन्हा डी केलं आणि म्हणाले, "झालं."

मंगळवारी पहिल्या एसटीनं आंबवड्याला गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी पेनड्राईव्ह पुढं केला आणि घडलं ते सगळं सांगितलं. वायर, सेल, अक्षर. सांगताना माझ्या लक्षात आलं, माफी मागायचं सोडून मी यंत्राचीच गोष्ट सांगतोय.

"चुकलो मी," शेवटी म्हणालो.

"मी पन चुकलेच की," ती म्हणाली. "डी न्हाई दिसला तवा एक फोन लावायचा हुता. पन मनात आदीच बसलं हुतं, तुमी आता भरवसा ठेवत न्हाई म्हनून. तुमची नजर कळत हुती, काका." तिनं चहा दिला. दिवाळीपर्यंत कामाला आली, पण दुकानात पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही.

मी दुसरी डिस्क आणून सगळ्याची प्रत केली. ती घरच्या कपाटात ठेवली आणि तिला सांगितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही सांगितलं.

यंदा उन्हाळ्यात वेल्ह्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. तिनं केलेलं लिप्यंतर आणि मूळ मोडी कागद दोन्ही त्यांच्याजवळ होते. "बाईनं बरोबर वाचलंय का, जरा बघता?" ते म्हणाले. मी भिंग घेऊन बसलो. खरं सांगायचं तर मी चूक शोधत होतो. एका शब्दाशी थांबलो. मी तो शब्द नेहमी 'तळवट' वाचत आलो, म्हणजे खालची सखल जमीन. तिनं 'तळवाट' लिहिलं होतं, खालून जाणारी वाट. कागद उजेडात धरला. मोडीत काना अक्षरालाच जोडून येतो, शाई फिकी असली की हरवतो. इथं तो होता. बारीक, पण होता.

"बरोबर वाचलंय," मी त्यांना सांगितलं.

ते गेल्यावर मी माझी जुनी तीन लिप्यंतरं उघडली, त्याच भागातली. तिन्हींत 'तळवट'. स्कॅनवरून तिथं काना आहे की नाही, ठरेना. मग तिला फोन लावला.

"काका?" तिच्या आवाजात सावधपणा होता.

"एक शब्द विचारायचाय तुला," मी म्हणालो, आणि पलीकडे ती कागद-पेन्सिल शोधत असल्याचा आवाज आला.