बारशाआधीच लिहिलेलं नाव

दृष्टांत, चमत्कार, भुतंखेतं... यांच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आणि खरं सांगायचं तर आमच्या गावाचाही माझ्यावर फारसा विश्वास नाही. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही. सवय आहे.

मी शहागडचा. तालुका अंबड, जिल्हा जालना. हायवेला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं माझं छोटं दुकान आहे — ट्रकवर नावं रंगवून देतो. अक्षर मोत्यासारखं, डोकं मात्र... एकदा एका ट्रकवाल्याच्या तीन पोरांची नावं मी दुसऱ्याच ट्रकच्या मागं काढली होती. त्या दुसऱ्याचं लग्न व्हायचं होतं.

गेल्या श्रावणात आमच्या भजनी मंडळानं ठरवलं, की आरत्या-स्तोत्रांचं छोटं पुस्तक आळीतल्या बासष्ट घरी दारोदार जाऊन द्यायचं. मंडळाचे प्रमुख म्हणजे आमचे रिटायर्ड गुरुजी. त्यांची एकच अट — पुस्तक घरातल्या कर्त्याच्या नावानं नाही, सगळ्यात धाकट्याच्या नावानं द्यायचं. कर्त्याला दिलं की ते देव्हाऱ्यात जातं आणि हळद-कुंकू लागून तिथंच म्हातारं होतं. पोराचं नाव असलं की पोरगं रोज उघडून बघतं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ आणि खाली त्या धाकट्याचं नाव. लिहिणार अर्थातच मी. एक जरी चूक झाली तरी पुढच्या वर्षी मला फक्त सतरंज्या उचलायचं काम मिळेल, हेही गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

यादी करायला घरोघर फिरलो. निवृत्तीच्या घरी सगळ्यात धाकटी म्हणजे आठ दिवसांची पोरगी. बारसं शनिवारी, आमचं वाटप रविवारी. निवृत्ती म्हणाला, जागा मोकळी सोड, नाव ठेवलं की लिही. मग जरा बाजूला घेऊन बोलला. त्याची थोरली बहीण वत्सलाताई घनसावंगीला दिलेली. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात मानाच्या साडीवरून रुसली, तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. ह्या बारशाचं बोलावणं धाडलं, तर येते म्हणाली. ठरलं असं, की आत्या म्हणून कानात नाव तिनंच सांगायचं, पण नाव आई-बापानं निवडलेलं — अन्वी. बॅनरसुद्धा छापायला दिला होता.

“ह्या टायमाला बिघडलं ना, मंग संपलंच बघ,” निवृत्ती म्हणाला. “एकच बहीण हाये मला.”

गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बसून मी नावं लिहिली. झुणका-भाकरी जरा जास्त झाली होती, हे कबूल करतो. पण निवृत्तीच्या घरचं पुस्तक मी मोकळं सोडलं होतं — चांगलं आठवतंय, गोंधळ नको म्हणून खिडकीत वेगळं ठेवलं होतं.

शुक्रवारी गुरुजी तपासायला बसले. एकेक पान उलटत खिडकीतल्या पुस्तकापाशी आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मोकळ्या जागेवर, माझ्याच वळणदार अक्षरात — ‘कु. प्रयागा’.

प्रयागा! हल्लीच्या पोरी म्हणजे स्वरा, आरोही, फार तर ईश्वरी. हे नाव म्हणजे आजीच्याही आज्जीच्या काळातलं. गुरुजींनी विचारलं, ही कोण? मला काय माहीत कोण. “पेंगत लिहिलंस,” ते म्हणाले. मलाही तेच पटलं. छापखानेवाल्या रफिकभाईंनी बरोबर मोजून बासष्टच पुस्तकं दिलेली, जादा एक नाही. मग हुकूम निघाला — शनिवारी व्हाइटनर घेऊन बारशाला जायचं, नाव जाहीर झालं की खोडून नीट लिहायचं, आणि मधे तोंड उघडायचं नाही.

बारशाला गेलो. पाळणा सजवलेला, मागं फुगे आणि ‘अन्वी’चा बॅनर. मी दाराच्या चौकटीत — काखेत पुस्तक, खिशात व्हाइटनर. वत्सलाताई सकाळच्या जीपनं आल्या होत्या. बहीण-भावात तोपर्यंत “पाणी घे” आणि “घेते” एवढंच बोलणं झालेलं.

पाळणा गाऊन झाला. वत्सलाताईंनी वाकून पोरीच्या कानात कुर्र केलं, सरळ झाल्या आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “प्रयागा.”

आत्याच्या पाठीत धपके घालायला बायकांनी उचललेले हात तसेच वर राहिले. माझ्या काखेतलं पुस्तक एकदम तापल्यासारखं वाटलं... खोटं कशाला बोलू, दारात ऊन होतं.

“ताई, ठरलं काय व्हतं?” निवृत्ती म्हणाला.

“ठरलं व्हतं. पर जीपमधी बसले अन् हे नाव डोक्यात आलं, ते जाईचना. आत्या म्हनून बोलावलं ना मला? का नुसतं कुर्र करायला?”

निवृत्तीची बायको वर्षावहिनी, तिच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांच्या नजरा बॅनरवर. वत्सलाताई पिशवी शोधायला लागल्या आणि निवृत्ती त्यांना थांबवीना. तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि मी नेमकं तेव्हाच तोंड उघडलं.

“मी तर... हेच लिहिलंय.”

वहिनीनं पुस्तक ओढून घेतलं. पान उघडलं, नावावरनं बोट फिरवलं. शाई केव्हाच वाळलेली.

“हे कवा लिहिलं, भाऊजी?”

“परवा. गुरुवारी.”

“कुणी सांगितलं?”

“कुणीच न्हाई, वहिनी. चुकून लिहिलं. खोडायलाच आल्तो,” म्हणत मी पुरावा म्हणून व्हाइटनर काढून दाखवलं.

“म्या तर आज सकाळी ठरवलं,” असं पुटपुटत वत्सलाताई खाटेवर बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक. पहिलं हसू फुटलं ते वहिनीला — माझ्या हातातल्या बाटलीकडं बघून. तिनं पाळण्यातनं पोरगी उचलली आणि वत्सलाताईंच्या मांडीवर ठेवली.

“नाव आपल्या आधीच येऊन बसलंय, वन्सं. आपन कोन न्हाई म्हननारे?”

“अन् बॅनरचा खर्चा?” निवृत्तीनं विचारलं.

“घरात अन्वी म्हनू,” वहिनी म्हणाली. मग थांबलेले धपके सगळे एकदम पडले. निवृत्तीनंही एक घातला — तीन वर्षांचा साठलेला.

आता तुम्ही म्हणाल, ट्रकवर कधीतरी रंगवलं असेल, तेच हातात आलं. मलाही तसंच वाटलं. रंगवलेल्या प्रत्येक ट्रकचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवतो, ते सगळे बघितले. एक प्रयागा नाही. आळीच्या यादीत नाही, माझ्या नात्यात नाही, वत्सलाताईंच्याही नाही. गुरुजी याला योगायोग म्हणतात. पण खोडाखोड न करता ते पुस्तक रविवारी त्यांनी स्वतः नेऊन दिलं, आणि मला सतरंज्यांवरही पाठवलं नाही.

वत्सलाताई आता महिन्या-दोन महिन्यांनी भाचीला बघायला येतात. जाताना जीपची वाट बघत माझ्या दुकानात बसतात आणि विचारतात, “खरं सांग बरं, तुला कुणी सांगितलं व्हतं?” मी शपथ घेतो. मग मी त्यांना तेच विचारतो, त्याही शपथ घेतात. त्यानंतर जीप येईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसून राहतो... कारण विचारावं असं तिसरं कुणी नाही.